पूर्णा जंक्शन : रुळांमुळे वाढलेली वस्ती

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात किल्ले, दर्गे व मठ यांना जागा मिळते. रेल्वेने वाढविलेली गावे मात्र राहून जातात. परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे त्यांपैकीच एक होय. 1900 च्या सुमारास निजाम राज्यातील मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज लाईन येथून गेली. 1912 मध्ये हिंगोलीचा फाटा निघाला आणि नदीकाठचे स्टेशन जंक्शन झाले. लोकोशेड आले, क्वार्टर्स आले. फिटर, फायरमन, पॉइंट्समन यांच्या वस्तीत मराठी व उर्दू शेजारीशेजारी नांदल्या. राज्याची दफ्तरी भाषा तर उर्दूच होती. राजधानीची वाट 1916 नंतर काचीगुडा स्टेशनावरून जाई. तेथून अफझलगंज जवळच : उस्मानिया दवाखाना, तसेच 1891 चा आसफिया कुतुबखाना, म्हणजे आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. आजारी माणूस आणि विद्यार्थी, दोघांची गाडी एकच.

पुढे फाटा अकोला-खंडव्याकडे वाढला. काचीगुडा-जयपूर गाडीही पूर्ण्यावरून धावू लागली. 1990 च्या दशकात मनमाड-परभणी व 2008 मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. प्रवाशांची सोय झाली हे खरेच. पण ज्या मीटरगेजवर ही वस्ती पोसली, तिचे येथील काम त्याबरोबर संपले.