रविवार कोणाचा? मुंबईच्या साप्ताहिक सुट्टीचा इतिहास

१/ शनिवार-रविवार जवळ आला की बेत ठरू लागतात. कोणी कुंड्यांतील माती बदलतो, कोणी मुलांना घेऊन बागेत जातो, कोणी पहाटेची गाडी पकडून गडाच्या पायथ्याशी पोहोचतो. या सर्व बेतांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत असते: दिवस मोकळा आहे. मुंबईतील श्रमिकांसाठी हा दिवस कसा मोकळा झाला, त्याचा हा इतिहास. (धागा)

२/ प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. औद्योगिक काळापूर्वी आपल्याकडे विश्रांती नव्हती, असे नाही. विश्रांती होती, पण ती सात दिवसांच्या हिशेबाने येत नसे. ती ऋतूंनुसार आणि सणावारांनुसार येई. पोळ्याला किंवा बेंदराला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नसत. अनेक गावांत अमावास्येला औत धरत नसत. सुगी संपली की जत्रांचा हंगाम सुरू होई.

३/ आठवड्याला महत्त्व होते ते बाजाराच्या निमित्ताने. आठवडे बाजाराच्या दिवशी माणसे गावाबाहेर पडत, सोयरेधायरे भेटत, बातम्या कळत. पण तो खरेदी-विक्रीचा वार होता, सुट्टीचा नव्हे. रविवारी सर्व व्यवहार थांबवण्याची प्रथा युरोपीय ख्रिस्ती समाजाकडून आली आणि कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतून इथे रुजली. कारकुनाला रविवार मिळाला. मजुराला मात्र तो मिळाला नाही.

४/ १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीसाठी कंपनी उभारली. पुढील तीन-चार दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. १८९०च्या सुमारास शहरात सत्तरच्या आसपास गिरण्या आणि साठ हजारांच्या जवळपास कामगार होते. यांतील बहुतेक जण कोकणातून आणि घाटावरून आले होते.

५/ गावाकडील कामाला हंगामाची लय होती. गिरणीत तिची जागा भोंग्याने घेतली. विजेचे दिवे येण्यापूर्वी पहाटे फटफटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत यंत्रे चालत. त्यामुळे हिवाळ्यात कामाचा दिवस काहीसा आखूड असे, तर उन्हाळ्यात तो तेरा तासांच्या पुढे जाई. जेवणासाठी निश्चित मधली सुट्टी नव्हती. सणांच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर आठवडा अखंड चाले.

६/ काही गिरण्यांत रविवारी यंत्रे बंद असत. पण यंत्र बंद म्हणजे कामगार मोकळा, असा त्याचा अर्थ नव्हता. साच्यांची साफसफाई याच दिवशी होई आणि त्यासाठी कामगारांना बोलावले जाई. अर्धा दिवस तेलात, धुळीत आणि कापसाच्या तुसात गेल्यावर उरलेल्या अर्ध्या दिवसाला सुट्टी म्हणणे कठीणच होते.

७/ याच काळात शहरात सार्वजनिक विरंगुळ्याच्या जागा तयार होत होत्या. भायखळ्याची राणीची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी खुली झाली. तिच्याच आवारात १८७२ साली वस्तुसंग्रहालय उघडले. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. १८७४ साली घोड्यांची ट्राम धावू लागली. १८८१ साली मलबार टेकडीवर पाण्याच्या टाक्यांच्या माथ्यावर बाग फुलली.

८/ हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. भायखळ्याची बाग गिरण्यांच्या परिसरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. पण बाग खुली होऊन अठ्ठावीस वर्षे उलटली, तरी गिरणी कामगाराला तिच्यात जाण्यासाठी हक्काचा वार नव्हता. जागा आधी आली. वेळ फार नंतर आला.

९/ ही वेळ मागणाऱ्यांत अग्रभागी होते नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७). त्यांचा जन्म ठाण्याचा. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर ते मांडवीच्या एका गिरणीत कामाला लागले. तेथे कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते.

१०/ १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८०पासून लोखंडे मुंबईतून चालवू लागले. गिरणीतील तास, दंड, थकलेली मजुरी आणि अपघात हे विषय त्यामुळे छापील मराठीत येऊ लागले. १८८४ साली त्यांनी ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ स्थापन केली. भारतातील कामगार चळवळीच्या आरंभीच्या संघटनांमध्ये तिची गणना होते.

११/ त्याच वर्षी सप्टेंबरात परळ भागात कामगारांच्या सभा झाल्या. फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक निवेदन तयार झाले आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या अशा होत्या: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, मागील महिन्याची मजुरी १५ तारखेपर्यंत, कामावर जखमी झालेल्यास भरपाई.

१२/ या यादीत पगारवाढ नाही, ही बाब विशेष आहे. पाचपैकी तीन मागण्या केवळ वेळेसंबंधी आहेत. शिवाय बहुसंख्य कामगारांची मजुरी कामाच्या दिवसांवर किंवा नगांवर ठरत असे. रविवार सुट्टीचा म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणार, हे उघड होते. तरीही त्यांनी रविवार मागितला. मोकळ्या दिवसाची किंमत त्यांना नेमकी ठाऊक होती, कारण ती ते स्वतःच्या खिशातून मोजणार होते.

१३/ रविवारच का? सरकारी कचेऱ्या त्या दिवशी बंद असत, हे व्यावहारिक कारण होतेच. पण मराठी कामगाराच्या मनात रविवार हा खंडोबाचा वार होता. लोखंडे यांच्या नावाशी जोडला गेलेला दुसरा परिचित विचार असा, की सहा दिवस कुटुंबासाठी राबणाऱ्याला सातवा दिवस समाजकार्यासाठी मिळावा. सत्यशोधकाच्या दृष्टीने मोकळा दिवस हा वाचण्याचा, सभेला जाण्याचा आणि एकत्र येण्याचा दिवस होता.

१४/ या कथेला एक परकी बाजूही आहे. भारतात कारखान्यांचे कायदे व्हावेत, असा आग्रह लँकेशायरचे कापड उत्पादकही धरत होते. इंग्लंडमध्ये १८५०च्या कायद्याने कापडगिरण्यांत शनिवारी दुपारनंतर काम थांबू लागले होते. मुंबईच्या गिरण्यांना मात्र असे बंधन नव्हते. मुंबईच्या स्पर्धेची धास्ती हा त्या आग्रहामागील मोठा भाग होता. त्यामुळे येथील अनेकांना हे कायदे म्हणजे देशी उद्योग मारण्याची युक्ती वाटे.

१५/ कामगारांची मागणी या कात्रीत सापडली होती. सुट्टी मागणे म्हणजे मँचेस्टरला साथ देणे, असा अर्थ काढला जाण्याची शक्यता होती. म्हणूनच ही मागणी कामगारांनी स्वतः, स्वतःच्या सह्यांनी आणि जाहीर सभेत करणे महत्त्वाचे ठरले. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे सुधारक १८८१च्या पहिल्या कायद्यापूर्वीपासून हा प्रश्न मांडत होते. लोखंडे यांनी त्याला कामगारांचा आवाज मिळवून दिला.

१६/ १८८१च्या कायद्याचे स्वरूप फारच तोकडे होते. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांतील सात ते बारा वर्षांच्या मुलांपुरते संरक्षण त्यात होते: दिवसाला नऊ तास काम आणि महिन्याला चार सुट्ट्या. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या विश्रांतीविषयी त्यात काहीच नव्हते.

१७/ २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्या काळी गिरण्यांतील कामगारांत वीस-पंचवीस टक्के स्त्रिया होत्या. रिळे भरण्याच्या आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्या प्रामुख्याने असत. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

१८/ समाजमाध्यमांवर दरवर्षी १० जूनला एक मजकूर फिरतो: ‘या दिवशी संपूर्ण भारताला रविवारची सुट्टी मिळाली.’ हे विधान अचूक नाही. तो निर्णय मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाचा होता. सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला तो १८९१च्या फॅक्टरी कायद्याने, आणि त्याचा अंमल १ जानेवारी १८९२पासून सुरू झाला. तोही पन्नास किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरता. शेतमजूर, हमाल आणि घरगडी त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

१९/ त्याच कायद्याने दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दिली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि मुलांचे किमान वय नऊ केले. पुरुषांच्या तासांवर मात्र मर्यादा आली नाही. पुढे विजेच्या दिव्यांमुळे सूर्यास्ताचे बंधनही संपले आणि दिवस आणखी लांबला. कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ साली आली. आठवड्याला साठ तास १९२२ साली, चोपन्न १९३४ साली आणि अठ्ठेचाळीस १९४८ साली.

२०/ मिळालेल्या रविवारी गिरणगावात काय घडे? सकाळ नळावर जाई: अंघोळी, कपडे, पाण्याची रांग. मग हजामत, बाजारहाट, गावाकडे धाडायचे पत्र. एका गावची माणसे एका खोलीत दाटीवाटीने राहत. गावकीच्या बैठका, भिशी, भजन यांना रविवार सोयीचा पडे. तालमीत कुस्ती, मैदानात हुतूतू. गॅलरीत पत्र्याच्या डब्यात लावलेली तुळस हीच काय ती घरची बाग.

२१/ या चित्रातून एक व्यक्ती सहज निसटते. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीला रविवारी भोंग्यापासून सुटका मिळे, चुलीपासून नाही. आठवड्याची धुणी, दळणे, मुलांच्या अंघोळी या दिवसासाठीच साठलेल्या असत. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवालीसाठी तर रविवारी सारे जेवणारे घरीच असत. महालक्ष्मीच्या मैदानावर स्त्रियांनीही मागितलेला दिवस त्यांच्या वाट्याला पुरता कधी आलाच नाही.

२२/ १९११ साली ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. तिने वाचनालये, रात्रशाळा आणि दवाखाने चालवले. परळचे दामोदर नाट्यगृह कामगार रंगभूमीचे माहेरघर ठरले. स्वातंत्र्यानंतर १९५३च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून कल्याण केंद्रांचे जाळे उभे राहिले. तेथील नाट्यस्पर्धांतून अनेक कलावंत घडले. सातवा दिवस समाजासाठी, हा जुना विचार येथे वेगळ्या रूपात जगला.

२३/ शहराबाहेरचा विरंगुळा मात्र दीर्घकाळ पैसेवाल्यांचा राहिला. माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. १ जून १९३० रोजी धावलेली दख्खनची राणी सुरुवातीला आठवड्याच्या अखेरीस चाले आणि तिचा मोठा प्रवासीवर्ग पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणारा होता. मध्यमवर्गीय मराठी तरुणांत गडकोट हिंडण्याची ओढ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली. गो. नी. दांडेकर यांच्या लेखनाचा त्यात मोठा वाटा आहे.

२४/ पुढे एका दिवसाचे दोन झाले. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून मिळाला. दुसरीकडे, २०१७च्या कायद्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवता येऊ लागली. तेथील कामगारांना साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते, पण ती रविवारीच असेल असे नाही. हा कायदा सुरुवातीला प्रामुख्याने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. त्याखालील असंख्य माणसे आजही मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहेत.

२५/ एकाच्या रविवारासाठी दुसऱ्याला कामावर यावे लागते. जेवण पोहोचवणारा, इमारतीचा पहारेकरी, घरकामाची मावशी, बागेच्या फाटकावर तिकिटे फाडणारा. १८८४च्या निवेदनावर सही वा अंगठा उठवणाऱ्यांचे हे वारसदार आहेत. आपल्या बेतातील त्यांचा वार कोणता, एवढे विचारणे तरी त्या निवेदनाच्या आशयाला धरून होईल.

२६/ लोखंडे यांचे निधन ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगच्या साथीत झाले. आज राणीची बाग जिजामाता उद्यान म्हणून ओळखली जाते आणि रविवारी तेथे पाय ठेवायला जागा नसते. तिचा साप्ताहिक बंदचा वार बुधवार आहे. रविवारी साऱ्या शहराला आत घेणाऱ्यांनाही एक दिवस हवा, म्हणून. (समाप्त)