पाण्याखालची हिरवळ

आपल्या वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इथल्या तीर्थाचं नाव पद्मतीर्थ, म्हणजे कमळाचं तीर्थ. कमळ वर दिसतं म्हणून त्याचं नाव झालं. आज बोलायचंय ते पाण्याच्या तळाशी गालिच्यासारख्या पसरणाऱ्या हिरवळीबद्दल. शहरात लोक काचेच्या टाकीत ती हौसेनं वाढवतात. पण तिच्या इतिहासात बायांचा हात मोठा आहे, आणि तो इतिहास आपल्या गावतलावापर्यंत येतो.

सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून. जान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रान्समधली. पॅरिसमध्ये ती कपडे शिवायची, राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाखही तिनं केला. लग्नानंतर ती इटलीतल्या सिसिली बेटावर गेली. समुद्रातला एक जीव आपलं शिंपलं स्वतः बनवतो की दुसऱ्याचं घेतो, असा तिला प्रश्न पडला. तो जीव जिवंत ठेवून पाहण्यासाठी तिनं 1832 साली काचेची टाकी बनवून घेतली. जीव आपलं शिंपलं स्वतःच बनवतो, हे तिनं दाखवून दिलं.

पण बंद पाण्यात मासे फार दिवस टिकत नसत. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं एका भांड्यात दोन सोनमासे, काही गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया नावाचं लांब पात्यांचं पाणगवत ठेवलं. गवतानं प्राणवायू दिला, माशांची घाण त्याला खत झाली, सडकी पानं गोगलगायींनी खाल्ली. संसार जमला. हे पाणगवत आपल्याकडच्या तळ्यांतही वाढतं.

आपल्याकडे 1951 साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि काचेपलीकडचे मासे सामान्य माणसानं पाहिले. पुढे जपानच्या ताकाशी अमानो यांनी टाकीच्या तळाला हिरवा गालिचा करून दाखवला. देखणा, पण महागडा. त्याला झगझगीत दिवे लागत आणि नळकांड्यातून कर्बवायू सोडावा लागे. ही हौस गरिबाची राहिली नाही.

ती पुन्हा मातीवर आणली एका बाईनंच. अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांचं पुस्तक 1999 साली आलं. त्यांची रीत आपल्याला लगेच कळेल. तळाला साधारण एक इंच साधी माती, वर तेवढीच वाळू. मातीतला पालापाचोळा कुजतो आणि त्यातून झाडांना कर्बवायू मिळतो. खिडकीचा उजेड, थोडे मासे, भरपूर झाडं. रासायनिक खत पडलेली माती मात्र चालत नाही, मासे मरतात.

गालिचा करायचा तर बुटकी झाडं हवीत. केसासारख्या पात्यांचं इलिओकॅरिस, किंवा चार पानांची मार्सिलिया, जिची भावंडं आपल्याकडे तळ्याकाठच्या चिखलात दिसतात. एकच मोठा झुपका न लावता रोप लावतो तसे छोटे छोटे झुपके दोन-तीन बोटांच्या अंतरानं खोचायचे. पाणी उथळ ठेवलं तर उजेड तळापर्यंत पोचतो. उजेड फार झाला तर शेवाळ माजतं. मग धीर धरायचा. मुळाजवळून धुमारे सरकत जातात आणि काही महिन्यांनी जमीन झाकते.

आता हेच काम तलावाएवढं झालेलं पाहू. गोंदिया-भंडाऱ्याकडे कोहळी समाजानं बांधलेले जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. आपलं वऱ्हाड रयतवारीचं, तिकडे मालगुजारी. ती 1950 नंतर गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभाल सुटली. बेशरम माजली, पाणगवत गेलं. 1959 साली परदेशातून भारतात आणलेला गवत्या मासा तर पाणवनस्पतींवरच जगतो. देशी माशांना अंडी घालायला, लपायला जागा उरेना. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांच्या चुलीवर त्याचा परिणाम झाला.

मग भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाज एकत्र आले. कोणतं गवत कोणत्या माशाला लागतं, हे समाजातल्या जाणत्यांना ठाऊक होतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात बायांनी बेशरम उपटली. कोरडा तळ नांगरला. पावसाचं पाणी साचू लागल्यावर चिखलात उतरून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि इलिओकॅरिसच्या जातीची गवतं हातानं लावली, अगदी धानाच्या रोवणीसारखी. वनस्पती आल्या, मागून देशी मासे आले, पक्षी आले. काचेच्या टाकीत आणि तलावात नियम एकच निघाला: आधी माती, मग हिरवळ, मग मासा.

उन्हाळ्यात आपल्याकडेही तलावांतला गाळ काढून शेतात टाकतात. ते चांगलंच आहे. पण यंत्र सगळा तळ खरवडतं तेव्हा गाळाबरोबर मुळं, कंद आणि बियाही जातात. यंदा ग्रामसभेत बचत गटाच्या बायांनी एक मागणी मांडावी: एका काठाचा उथळ पट्टा तसाच राखा. तिथूनच हिरवळ पुन्हा तळ्यात सरकत जाईल. तो पट्टा कुठला राखायचा, हे काठावर रोज जाणाऱ्या बाईइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.