स्वदेशी काळातील नाममुद्रा आणि ग्राहकाचा विश्वास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात 'ब्रँड' या संकल्पनेचे विवेचन बहुधा पाश्चात्त्य उदाहरणांच्या आधारे केले जाते. त्यामुळे ही संकल्पना आपल्याकडे अलीकडेच आली, असा समज रूढ होतो. वस्तुतः 'छाप' आणि 'मार्का' हे शब्द मराठी बाजारपेठेत फार पूर्वीपासून प्रचलित आहेत. १९११ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. अशा समाजात ग्राहक माल ओळखत असे तो अक्षरांवरून नव्हे, तर चित्रावरून. मँचेस्टरच्या कापडाच्या तागांवर चिकटवलेली देवदेवतांची रंगीत तिकिटे याच गरजेतून आली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील काही उद्योजकांनी आपल्या मालाची ओळख कशी निर्माण केली आणि त्या प्रयत्नांत स्वदेशीच्या भावनेचा वाटा कितपत होता, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विदेशी माल आणि स्वदेशीचे आवाहन

१८८८ मध्ये लिव्हर ब्रदर्सचा 'सनलाइट' साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला. त्याच्या खोक्यांवर तो इंग्लंडमध्ये तयार झाल्याचा ठळक उल्लेख असे. त्या काळी हा उल्लेख म्हणजेच दर्जाची हमी मानली जाई. देशी कारखानदारापुढील खरी अडचण येथेच होती. त्याला माल तर तयार करावयाचा होताच, शिवाय 'देशी म्हणजे दुय्यम' ही ग्राहकाच्या मनातील समजूतही दूर करावयाची होती.

स्वदेशीचा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. सार्वजनिक काका तथा गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीच्या वेषात उपस्थित राहिले होते. १९०५ च्या वंगभंगानंतर मात्र या विचाराला चळवळीचे स्वरूप आले. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. स्वदेशीच्या आवाहनात ग्राहकाकडून त्यागाची अपेक्षा होती. माल जाडाभरडा असला, थोडा महाग असला, तरी देशासाठी तो घ्यावा, असे सांगितले जाई. असा त्याग सणासुदीला किंवा चळवळीच्या ऐन भरात होऊ शकतो. दररोजच्या खरेदीत तो किती काळ टिकणार, हा प्रश्न प्रत्येक देशी कारखानदाराला सोडवावा लागला.

गोदरेज : खुणेचा आग्रह

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलुपांचा कारखाना सुरू केला. तत्पूर्वी ते शस्त्रक्रियेची उपकरणे तयार करीत. त्या मालावर भारतीय बनावटीचा उल्लेख नसावा, अशी अट खरेदी करणाऱ्या पेढीने घातली तेव्हा त्यांनी तो व्यवसायच सोडून दिला, असे त्यांच्या चरित्रावरून समजते. मालावर देशाचे नाव असणे हा त्यांच्या दृष्टीने तत्त्वाचा प्रश्न होता.

तथापि, केवळ तत्त्वावर त्यांनी विसंबून राहणे पसंत केले नाही. १९१८ च्या सुमारास त्यांनी साबणाच्या उत्पादनात लक्ष घातले आणि प्राणिज चरबीऐवजी वनस्पती तेलाचा वापर केला. शाकाहारी व धर्मनिष्ठ ग्राहकाच्या मनात विलायती साबणाविषयी असलेला संकोच त्यामुळे दूर झाला. पहिल्या साबणाला 'चावी' हे नाव देण्यात आले. कुलुपांमुळे लोकांना परिचित झालेल्या नावाचा विश्वास अशा रीतीने नव्या मालापर्यंत पोहोचला. पुढे 'नंबर २' हा साबण आधी आणि 'नंबर १' त्यानंतर बाजारात आला. दुसरा इतका चांगला, तर पहिला किती चांगला असेल, असे कुतूहल निर्माण करण्याचा त्यामागे हेतू होता, असे सांगितले जाते. या साबणाच्या जाहिरातींत रवींद्रनाथ ठाकूर यांचा अभिप्रायही छापला जात असे. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडास ३ लाख रुपये देणाऱ्या अर्देशीर यांची देशभक्ती निर्विवाद होती. पण स्वदेशी माल गुणवत्तेतही विदेशी मालाच्या बरोबरीचा असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह तितकाच ठाम होता.

किर्लोस्कर : ग्राहकाचे प्रबोधन

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलचे दुकान काढले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. या नांगराला प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. येथे स्पर्धा दुसऱ्या कारखानदाराशी नव्हती, तर परंपरागत लाकडी नांगराशी आणि त्याविषयीच्या श्रद्धेशी होती. स्वदेशीचे आवाहनही येथे निरुपयोगी होते, कारण लाकडी नांगर मुळातच स्वदेशी होता.

१९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कारखाना कुंडलच्या माळावर आला आणि किर्लोस्करवाडी वसली. तेथूनच १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ उद्देश होता. शंकरराव स्वतः चित्रकार होते. केवळ मालाची स्तुती वाचण्यासाठी कोणी अंक उघडणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे अंकात उद्योगविषयक लेखांच्या जोडीला कथा, विनोद व सामाजिक सुधारणेचे विचार येऊ लागले. १९२९ मध्ये मासिकाचे नाव 'किर्लोस्कर' असे झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके त्याच संस्थेतून निघाली. ज्यांनी आयुष्यात कधी नांगर विकत घेतला नाही, अशा मध्यमवर्गीय कुटुंबांतही हे नाव आदराने घेतले जाऊ लागले. मालाच्या प्रसिद्धीसाठी निघालेले पत्रक मराठी वैचारिक जीवनाचा भाग व्हावे, ही घटना विपणनाच्या इतिहासात दुर्मीळच म्हणावी लागेल.

ओगले : नावाचे सामर्थ्य आणि मर्यादा

औंध संस्थानातच, कऱ्हाडनजीक, ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला. त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाने विदेशी कंदिलांच्या स्पर्धेत आपले स्थान मिळविले. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या पित्याचे नाव. मराठीत सूर्यालाही हेच नाव आहे. उच्चारण्यास सोपे, अर्थाने मालाला साजेसे आणि घरगुती, असे हे नाव होते. कारखान्याभोवतीची वस्तीही ओगलेवाडी म्हणूनच ओळखली गेली. मात्र गावोगाव वीज पोहोचू लागली तशी कंदिलाची गरजच ओसरत गेली आणि कालांतराने कारखाना बंद पडला. ज्या वस्तूशी नाव जखडले गेले ती वस्तूच कालबाह्य झाली, तर चांगल्या नावालाही तग धरता येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

नाममुद्रा आणि कायदा

१८८९ च्या मर्चंडाइझ मार्क्स कायद्याने मालाचे खोटे वर्णन करण्यास प्रतिबंध केला होता. परंतु व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा अखिल भारतीय कायदा १९४० मध्येच झाला. तोपर्यंत नाममुद्रेचे रक्षण मुख्यतः ग्राहकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून होते. स्वदेशीच्या नावाचीही नक्कल होत असे. गिरणीतील जाडेभरडे कापड खादी म्हणून विकले जाई आणि त्याबद्दल महात्मा गांधींनी नापसंती व्यक्त केली होती. खादीच्या अस्सलपणाची खूण ठरविणारे 'खादी मार्क' विनियम २०१३ मध्ये आले. यावरून हा प्रश्न किती चिवट आहे, याची कल्पना येते. भावनेला बाजारात किंमत आली की तिची नक्कलही होऊ लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते, की स्वदेशीच्या भावनेने देशी मालासाठी ग्राहकाचे दार उघडले. परंतु त्या दारातून पुन्हा पुन्हा प्रवेश मिळाला तो मालाच्या गुणवत्तेमुळे आणि ग्राहकाशी राखलेल्या प्रामाणिक संबंधामुळे. गोदरेज यांनी ग्राहकाचा संकोच ओळखला, किर्लोस्करांनी त्याचे अज्ञान दूर केले, तर ओगले बंधूंनी त्याच्या घरातील अंधार हटविला. यांपैकी कोणीही देशभक्तीला दर्जाचा पर्याय मानले नाही. देशभक्तीच्या नावाने घेतलेली पहिली खरेदी हे एक प्रकारचे कर्ज असते आणि त्याची परतफेड मालाच्या दर्जानेच करावी लागते. देशी मालाचा पुरस्कार पुन्हा नव्या घोषणांनी होत असताना महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासातील हा धडा वाणिज्याच्या वर्गातही शिकविला जाणे आवश्यक आहे.