मढे, शेळी आणि सुरी

महारवाड्याच्या इतिहासाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते लिहिले जाणे आवश्यकच होते. वतन, वेठ, पाणवठा, देऊळ, येसकराची काठी, उष्टी भाकर या साऱ्यांची नोंद आपल्या आत्मकथनांनी घेतली. मढ्याचीही घेतली. परंतु त्याच महारवाड्याच्या परसात डालग्याखाली जी कोंबडी झाकलेली होती आणि खुंट्याला जी एकुलती शेळी बांधलेली होती, तिच्याकडे इतिहासाचा विषय म्हणून आपण क्वचितच पाहिले. गावाने ओढून न्यायला लावलेले मेलेले जनावर आणि आपण हाताने वाढवलेले जिवंत जनावर या दोहोंत केवळ मांसाचा फरक नाही. पहिल्यावर आपली मालकी नव्हती, त्यात आपली निवड नव्हती. दुसऱ्यात दोन्ही होत्या, आणि म्हणूनच त्याच्या मरणाची जबाबदारीही आपल्यावर होती. पवनेच्या काठचे थेरगाव पुढे कारखान्यांच्या पट्ट्यात सापडले. परंतु त्याआधी तेही इतर गावांसारखेच एक गाव होते आणि त्याला गावकूस होते. प्रस्तुत लेखकाचे बालपण त्या गावकुसाबाहेरचे.

मढ्याची व्यवस्था आधी समजून घेतली पाहिजे. गावातले जनावर मेले की ते ओढून नेणे हे महारांचे वतनी काम. कातडे कुणाचे, शिंगे-खुरे कुणाची, यावर गावोगावी तंटे होत. मांस मात्र निर्विवादपणे आमचे, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होते. ज्या समाजाने गाईला माता म्हटले त्याच समाजात म्हातारी गाय गोठ्यात दिवसेंदिवस खंगत मरे. तिला मारणे पाप होते, म्हणून ती कितीही तडफडली तरी कुणी हात लावीत नसे. ती मेली, की आमच्या हातांची गरज लागे. आणि गावात एकाएकी दोन-चार गुरे दगावली, की महारांनी कातड्यासाठी विष घातले असा आळ यायचा तो वेगळाच. त्या मांसाची प्रतही सांगितली पाहिजे. आजाराने मेलेल्या जनावराचे रक्त अंगातच गोठते, ते वाहून जात नाही, आणि असे मांस झपाट्याने नासते. आमच्या बाया त्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवीत. त्या चान्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या या साऱ्या खाद्याची नोंद केली आहे. भुकेने शिकवलेली ती कला होती. तिचा अभिमान बाळगावा की नाही याविषयी आपल्यात मतभेद आहेत. माझ्यापुरते सांगायचे तर कलेचा मला अभिमान आहे, भुकेचा नाही.

मढे सोडण्याचा निर्णय एका दिवसात झाला नाही. आमच्याच पुणे जिल्ह्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली, तेव्हा मागणी लष्कर-पोलिसांतल्या नोकऱ्यांची होती. हाती रोकड पगार आला तर गावाच्या तुकड्यावर जगावे लागणार नाही, हा त्यामागचा सरळ विचार. पुढे १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद झाली तिथे बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. गावोगाव त्याचे पडसाद उमटले. आणि लगेच आमच्या नुकसानीची काळजी वाहणारेही निघाले! मढी सोडल्याने महारांचे उत्पन्न किती बुडते याचा हिशोब ‘केसरी’तून मांडण्यात आला. कातडे, शिंगे, खुरे, हाडे मिळून साल अखेर इतके रुपये. नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे. एवढाच फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, मी वर आणखी पैसे देतो, असे त्यांचे उत्तर होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे बिल मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ उजाडले. म्हणजे मढे आपण आधी सोडले, कायद्याने ते ओढण्याचे काम तीस वर्षांनी सोडवले. मधल्या काळात गावाने घातलेले बहिष्कार, बंद केलेली मजुरी, यांचा हिशोब कोणत्याही वृत्तपत्राने छापला नाही.

मढे सोडले, पण पोट तर तेच होते. त्याची जागा कशाने भरली? येथे परसातल्या जनावराचा इतिहास सुरू होतो.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात, पण गरिबाजवळ पहिली शेळी विकत घेण्याइतके पैसे कुठे असत? ती निम्म्याने यायची. शेळी मालकाची, राखायची आपण. करडे झाली की अर्धी त्याची, अर्धी आपली. शेळी पाच महिन्यांत, म्हणजे साधारण १५० दिवसांत, विते. उस्मानाबादी जातीची असेल तर बहुधा जुळी देते. तेव्हा दोन-तीन वेतांनंतर बाईच्या नावावर एखादी पाठ उभी राही. माझ्या आजीची पहिली शेळी अशीच आली. कोंबडीचे गणित आणखी साधे होते. अंडी खाण्यासाठी नव्हतीच, खुडूक कोंबडीखाली २१ दिवस ठेवण्यासाठी होती. घारीने, मुंगसाने आणि मानमोडीने नेऊन जी उरत ती बाजाराची. माझ्या शाळेची पहिली पाटी कोंबडीवर आली, हे आजी चारचौघांत सांगायची आणि मला त्याची लाज वाटायची. (आता त्या लाजेची लाज वाटते.) पण शेळी चारायची कुठे, हा प्रश्न होताच. बांध कुणब्याचा, गायरान गावाचे, आणि आमची शेळी बांधावर गेली की कोंडवाड्यात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी पडीक जमिनींसाठी जे सत्याग्रह केले, ते नांगरासाठी होते हे खरेच. पण ज्याच्याजवळ नांगर नव्हता त्याला शेळीपुरते गवत हवे होते, हेही त्या लढ्यात गृहीत धरले पाहिजे.

आता मारण्याविषयी. हा विषय आपण टाळतो, कारण आपल्याला क्रूर म्हणणारे टपलेलेच असतात. परंतु आपल्या घरातील बाईने जनावर कसे मारले, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

गावगाड्यात बकरे कापण्याचा मान मुलाण्याचा. हिंदू गावातही तोच बोलावला जाई, आणि त्याबद्दल त्याचा ठरलेला हक्क असे. आमच्या वस्तीवर तो कधी येई, कधी येत नसे. मग घरचेच कुणी सुरी धरी. कोंबडा कापायचा तर आजी आदल्या संध्याकाळी त्याला दाणा देत नसे, पाणी देई. पोट रिकामे असले की आतडी साफ करताना मांसाला घाण लागत नाही. उजाडण्याआधी अंधारातच ती त्याला खुराड्यातून उचले. अंधारात कोंबडे बावचळून निवांत असते, पळापळ करीत नाही. पंख काखेत दाबून, डोक्यावर हात ठेवून ती त्याला शांत करी आणि मग एकाच ओढीत मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा. रक्त पुरते गळेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. मग गरम पाणी, तेही उकळते नव्हे, कारण उकळत्या पाण्याने पिसांबरोबर कातडीही सुटते. बकऱ्याला ती कधी एका पायाने ओढू देत नसे. इतर शेळ्या परसातच असतील तर त्याला घराच्या पलीकडे नेले जाई. एकदा मी शेळ्यांपुढे बसून सुरीला धार लावत होतो, तर म्हणाली, “त्यांच्याम्होरं पाजळू नगंस रं, जिवाला कळतंय त्यांच्या.” गाभण शेळी तिने खाटकाला कधी दिली नाही, घरात ज्वारीचा दाणा नव्हता त्या सालीही नाही.

पुढे वाचनातून कळले की यात भाबडेपणा नव्हता. मरण्याआधी जनावर घाबरले, झटापट केली, तर स्नायूंतील ग्लायकोजेन नावाची साखर खर्ची पडते. मेल्यावर त्याच साखरेचे आम्ल होऊन मांस टिकते. साखर उरली नाही तर मांस काळपट, चिकट राहते आणि लवकर नासते. म्हणजे कनवाळूपणा आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी आजीच्या सुरीत वेगळ्या नव्हत्या.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आमच्यापासून जवळच, देहूरोडला, बुद्धमूर्तीची स्थापना केली. दोन वर्षांत धर्मांतर झाले. मरीआईचा बकरा, म्हसोबाचा कोंबडा बंद झाला. गावच्या दसऱ्याच्या रेड्यात आमचा वाटा होता तोही आम्ही सोडला. याबद्दल दुमत नव्हते. दुमत झाले ते पंचशीलाच्या पहिल्या शीलावरून. प्राण्याची हिंसा करणार नाही असे म्हणायचे आणि खुराडेही ठेवायचे? काही घरांनी शेळ्या विकल्या. काहींनी पाळल्या, पण कापण्यासाठी दुसऱ्याकडे दिल्या. ही मला आजही पळवाट वाटते, कारण घाणेरडे काम दुसऱ्याच्या हातून करवून आपण शुद्ध राहायचे हीच तर गावगाड्याची रीत होती. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. नुसत्या इच्छेपोटी केलेली हत्या बुद्धांनी निषिद्ध मानली, असे ते सांगतात. बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवरील दयेबरोबर त्यांचे पालन आहे. आजीला अक्षर येत नव्हते. पण देवापुढे कापणे तिने एका दिवसात सोडले आणि आजारी नातवासाठी कोंबडी कापणे सोडले नाही, तेव्हा हा भेद तिने तिच्या परीने पाळला असेच म्हणावे लागेल. कायदाही पुढे तिथेच आला. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने अन्नासाठी मारणे गुन्हा ठरवले नाही, अनावश्यक वेदना देणे गुन्हा ठरवले. २००१ साली कत्तलखान्यांचे नियम झाले. त्यांत गाभण जनावर कापू नये, तीन महिन्यांच्या आतले कापू नये, एका जनावराच्या देखत दुसरे कापू नये, अशी कलमे आहेत.

मात्र त्याच नियमांनी नगरपालिकेच्या हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याखेरीज जनावर कापण्याची बंदी केली. हेतू आरोग्याचा आहे. त्याला माझा विरोध नाही. परंतु थेरगावच्या दृष्टीने काय झाले ते पाहावे. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. थेरगावही तिच्या हद्दीत आले आणि शेतांचे गुंठे पडले. १९७२ च्या दुष्काळाने उस्मानाबाद-बीडकडचे आपले बांधव शेळ्या मिळेल त्या भावाने विकून या पट्ट्यात मजुरीला आले होते. त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी अर्धा गुंठा, एक गुंठा घेतला. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात दोन खोल्या, मोरी, भाड्याची एक खोली. परस उरतच नाही. २०१५ साली राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाचे स्वस्त मांस आणखी आटले. आता डांगे चौकाच्या आजूबाजूला कोंबडीची दुकाने आहेत. पिंजऱ्यात कोंबडी कोंबडीवर चढलेली, समोर दुसरीची मान चिरून पिंपात टाकलेली, आणि ती तडफड ऐकत पिंजऱ्यातल्या बाकीच्या. कापणारा पोरगा दिवसभर पाण्यात आणि रक्तात उभा. तो कुठून आला, त्याला रोज किती मिळतो, हे मटणाची पिशवी घेणारा विचारत नाही. मीही बरीच वर्षे विचारले नव्हते.

आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी जिन्याखाली चार कोंबड्या ठेवल्या होत्या. रोज झाडलोट, राख टाकणे, सारे व्यवस्थित. शेजारच्या इमारतीतून घाणीची तक्रार गेली. तक्रार करणाऱ्यांच्या घरी रविवारी चिकन शिजते, हे त्या बाईंना वासाने ठाऊक होते. कोंबड्यांचा वास येतो म्हणून लिहिले होते. पण तोंडी बोलताना ‘त्या लोकांच्या सवयी’ असा शब्दही निघाला. बाईंनी चाकणला बहिणीकडे कोंबड्या पाठवल्या. तिच्या घरामागे अजून थोडी मोकळी जागा आहे, आणि शनिवारच्या बाजारातून तिने या वर्षी एक पाठही घेतली आहे, या वेळी निम्म्याने नव्हे, रोख पैसे देऊन.