मांडो : गोव्याच्या दिवाणखान्यातील नृत्य आणि त्याची भाषा

‘बॉलडान्स’ या शब्दाला मराठी बोलण्यात आजही किंचित उपहासाची छटा आहे. स्त्रीपुरुषांनी एकत्र येऊन करावयाचे हे पाश्चात्त्य नृत्य म्हणजे राज्यकर्त्यांचे अनुकरण, अशी त्याविषयीची सर्वसामान्य समजूत होय. मुंबईपुण्याच्या क्लबांतून जे नाच होत असत, त्यांच्यापुरती ही समजूत बऱ्याच अंशी खरी मानता येईल. परंतु गोव्यातील ख्रिस्ती जमीनदार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात ‘मांडो’ नावाचा जो नृत्यगीतप्रकार घडविला, त्याचा उलगडा केवळ अनुकरणाने होत नाही. गाण्यावरची बंदी आणि स्पर्शाविषयीचा संकोच, अशा दोन निर्बंधांच्या संदर्भात त्याचा विचार करावा लागतो.

यांपैकी पहिला निर्बंध राजसत्तेचा व धर्मसत्तेचा होता. 27 जून 1684 रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून गोव्यातील ख्रिस्ती प्रजेने तीन वर्षांच्या आत देशभाषा टाकून पोर्तुगीज भाषा बोलावी, असे फर्मावले. त्यानंतर 1736 साली इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने नवख्रिस्ती लोकांच्या घरगुती आचारांवर बंधने घातली. अंगणातील तुळस, पुरुषांचे धोतर आणि स्त्रियांची चोळी यांच्याबरोबरच विवाहप्रसंगी ओव्या गाण्यासही त्यात मनाई होती. अ. का. प्रियोळकर यांच्या संशोधनामुळे हा इतिहास अभ्यासकांना परिचित झाला आहे. येथे विशेष लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, बंदी घालणाऱ्यांनी ‘ओवी’ हा शब्दच पोर्तुगीज वळणाने आपल्या लेखात घेतला. जात्यावर आणि मांडवात बायका जे गात, ते सत्तेच्या दृष्टीने किती महत्त्वाचे होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा नाही. अशा आज्ञांनी लोकांच्या तोंडची भाषा पुसली गेली नाही. परंतु प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात ती गौण ठरली. पुढे 1812 मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले.

दुसरा निर्बंध समाजाच्या सभ्यतेच्या कल्पनेतून आलेला होता. महाराष्ट्राप्रमाणेच कोकणातही कुलीन स्त्री परपुरुषासमवेत नाचत नसे. फुगडी व झिम्मा हे बायकांचे बायकांत चालणारे खेळ होते, आणि पुरुषांसमोर नाचणे हा पेशा मानला जाई. या पार्श्वभूमीवर पोर्तुगीजांमार्फत युरोपातील सामाजिक नृत्ये गोव्यात आली. त्यांत ‘कोंत्रादांसा’ हा प्रकार मांडोच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. या शब्दाचा प्रवास उद्बोधक आहे. इंग्लंडातील खेडुतांच्या ‘कंट्री डान्स’चे फ्रान्समध्ये ‘काँत्रदांस’ झाले आणि ‘कंट्री’च्या जागी ‘समोरासमोर’ या अर्थाचा शब्द आला. ग्रामनृत्य दरबारी झाले, आणि तेच पोर्तुगीज रूपाने गोव्याच्या किनाऱ्यास लागले. स्त्रीपुरुषांनी समोरासमोर रांगांत उभे राहून पुढेमागे सरकावे, ही त्याची मूळ रचना होती.

युरोपात याच सुमारास वॉल्ट्झचा प्रसार होत होता. त्यात जोडीदार एकमेकांस कवेत घेऊन गिरक्या घेतात. 1816 साली लंडनच्या ‘टाइम्स’ने या नाचावर अश्लीलतेचा ठपका ठेवला होता. म्हणजे स्पर्शाचा संकोच हा केवळ पौर्वात्य गुण नव्हे. फरक पडला तो पुढे. युरोपने हा संकोच लवकरच सोडला आणि गोव्याच्या दिवाणखान्याने त्यालाच आपल्या नृत्याच्या रचनेत स्थान दिले.

मांडोत पुरुषांची एक व स्त्रियांची एक अशा दोन रांगा परस्परांसमोर असतात. त्या संथ पावलांनी जवळ येतात, मागे सरतात, एकमेकींना ओलांडून जागा बदलतात; परंतु हातात हात दिला जात नाही. स्त्रीच्या हाती पंखा असतो आणि दृष्टी बहुधा खाली वळलेली असते. सहा मात्रांच्या मंद लयीचे हे गीत व्हायोलिन व घुमट यांच्या साथीने दोन स्वरपंक्तींत गायिले जाते. व्हायोलिन व स्वरलेखन यांचे शिक्षण चर्चला जोडलेल्या शाळांतून मिळत असे. घुमट मात्र मातीच्या भांड्यावर कातडे ताणून केलेले देशी वाद्य आहे. मांडोमागून येणाऱ्या द्रुत लयीच्या गीतांना ‘दुलपद’ म्हणतात आणि त्यांच्या जोडीला ‘देखणी’ गायिली जाते. ही नावे मराठी वाचकास परकी वाटणार नाहीत.

नृत्याची चौकट युरोपीय असताना गीताची भाषा कोकणी असावी, ही यातील सर्वांत अर्थपूर्ण घटना होय. ज्या घरांतून पाहुण्यांशी व कागदोपत्री पोर्तुगीज वापरली जाई, त्याच घरांतून विवाहप्रसंगी ‘मोग’ आणि ‘काळीज’ यांची भाषा बोलली जाऊ लागली. 1858 मध्ये कुन्य रिवारा या पोर्तुगीज विद्वानाने कोकणीचा ऐतिहासिक परामर्श घेणारा निबंध प्रसिद्ध करून तिची उपेक्षा निदर्शनास आणली. दिवाणखान्यातील गीतकारांनी तीच बाजू, कोणताही वाद न घालता, प्रत्यक्ष प्रयोगाने मांडली, असे म्हणता येईल. वेषातही हीच मिसळ दिसते. मांडोच्या वेळी स्त्रिया जो ‘पानो बाजू’ परिधान करीत, त्यातील ‘पानो’ हा वस्त्रवाचक पोर्तुगीज शब्द असून ‘बाजू’ हा मलाय भाषेतील अंगरख्याचा वाचक आहे.

साष्टी महालातील कुडतरी, लोटली, मडगाव इत्यादी गावे या परंपरेची केंद्रे होती. कुडतरीचे लिगोरियो कोश्त आणि लोटलीचे तोर्कात द फिगेरेदो हे तिचे नामवंत रचनाकार. ओढ, मीलन आणि विरह हे या गीतांचे मुख्य विषय. तथापि राजकारणही त्यांस वर्ज्य नव्हते. 21 सप्टेंबर 1890 रोजी मडगाव येथे निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी जमावावर गोळीबार केला. त्या घटनेवर रचलेला मांडो पुढे पिढ्यान्‌पिढ्या गायिला गेला. या प्रकाराची वर्गमर्यादाही नजरेआड करता येत नाही. तो भाटकारांच्या घरातील नाच होता. त्यांच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारास त्या दिवाणखान्यात नर्तक म्हणून स्थान नव्हते.

विसाव्या शतकात सामाजिक नृत्य घरातून क्लबात गेले. पणजीचा ‘क्लुब वास्को द गामा’ 1909 सालचा. तेथील ‘क्लुब नासियोनाल’चा कार्निव्हालच्या अखेरचा तांबड्याकाळ्या पोशाखातील नाच प्रसिद्ध आहे. क्लबात वॉल्ट्झ व फॉक्सट्रॉट यांचे प्रस्थ वाढले. या नाचांना जोडीदार लागतो, परंतु नाचणाऱ्याने गाण्याची किंवा शब्द जाणण्याची गरज नसते. मांडो मागे पडला, त्याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते. 1961 च्या मुक्तीनंतर त्यास रंगमंचावर आणि स्पर्धांतून नवे आयुष्य मिळाले. तथापि ज्या विवाहगृहात पाहणारा आणि नाचणारा एकाच नात्यागोत्यातील असे, ते वातावरण त्या आयुष्यात उरले नाही.

सारांश, मांडोस बॉलडान्सची देशी आवृत्ती म्हणणे अपुरे आहे. ज्यांच्या पूर्वजांना विवाहात ओवी गाण्याची मनाई झाली होती, त्यांनीच शतकभराने परक्याच्या नृत्यरचनेचा आश्रय घेऊन विवाहगीत आपल्या भाषेत पुन्हा प्रतिष्ठित केले. आणि ते करताना त्या रचनेतील स्पर्शाच्या जागी दृष्टी, पंखा व शब्द यांची योजना केली. एखाद्या समाजाने बाहेरून काय घेतले याची यादी करणे सोपे असते. घेतलेल्या वस्तूतून त्याने काय गाळले आणि तिच्यात आपले काय भरले, हे पाहिल्याशिवाय अनुकरणाचा निर्णय देणे योग्य ठरणार नाही.