शहागंजातील भिल्ल तरुण : संपादकीय तळटीप

कन्नड-सोयगावाकडून शहागंजात मजुरीस आलेल्या भिल्ल तरुणांविषयी लेखकाने येथे जी चिंता व्यक्त केली आहे, तिचा उलगडा होण्यास कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा दाखला उपयोगी पडेल. १९८७ ते १९९२ या काळातील नोंदी तपासून चँडलर व लालोंद या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवून दिले की, ज्या मूलनिवासी जमातींनी जमिनीच्या हक्काचे दावे लढविले, स्वशासन मिळविले, आणि शाळा, दवाखाना, पोलीस-अग्निशमन व सांस्कृतिक वास्तू यांचा कारभार स्वतःकडे घेतला, त्यांच्यांत तरुणांच्या आत्महत्या कमी होत्या. सहाही गोष्टी साधलेल्या जमातींत त्या अवधीत एकही घडली नव्हती. संस्कृतीशी नाते म्हणजे समारंभापुरता वेश व नृत्य नव्हे, तर आपला कारभार आपल्या हाती असणे होय, हे यावरून स्पष्ट व्हावे. म्हणूनच या तरुणांच्या वसतिगृहाच्या देखरेखीत त्यांच्या गावकऱ्यांस अधिकार असावा, ही लेखकाची सूचना प्रस्तुत संपादकास अत्यंत मोलाची वाटते. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथील गोंडांनी सागवानी लाकडाचे गोटूल, म्हणजे तरुणांचे सामूहिक गृह, उभारले आणि वनखात्याने ते मोडून टाकले, तेव्हा परिसरातील गावांनी आपापल्या हद्दीत गोटूल बांधण्याचा निश्चय केला. त्याच मेंढ्यास पुढे २००९ साली सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला.