श्रीदेवीचा नैवेद्य : तिथीनुसार विधान

षोडशोपचार पूजेत धूप-दीपानंतर नैवेद्य अर्पण केला जातो. घरात पुरणावरणाचा स्वयंपाक करणारे कोणी उरले नाही, तर कुळाचारास बाध येईल काय, अशी विचारणा नवरात्राच्या सुमारास भाविकांकडून, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्ध भगिनींकडून होत असते. म्हणून ग्रंथातील विधान येथे देत आहोत.

श्रीमद्देवीभागवताच्या आठव्या स्कंधात नारायणऋषींनी नारदांस प्रत्येक तिथीचा नैवेद्य कथन केला आहे. प्रतिपदेस तूप, द्वितीयेस साखर, तृतीयेस दूध, चतुर्थीस अपूप (मालपुव्यासारखे पक्वान्न), पंचमीस केळे, षष्ठीस मध, सप्तमीस गूळ, अष्टमीस नारळ, नवमीस लाह्या आणि दशमीस काळे तीळ. पुढे एकादशीस दही, द्वादशीस पोहे असे करीत पौर्णिमेस पायस, म्हणजे खीर, येते. हल्ली छापील पत्रकांत नवमीस तीळ दिलेले आढळतात. मूळ क्रमात तीळ दशमीचे आहेत. अर्पण केलेली वस्तू नंतर दान करावी, असेही तेथेच सांगितले आहे. हा भाग मात्र सहसा विसरला जातो.

या यादीत चूल पेटवावी लागेल असे पदार्थ किती थोडे आहेत, हे लक्षात घ्यावे. वनवासात श्रीरामांनी पित्यास इंगुदीच्या पेंडीचे पिंड दिले, कारण त्या वेळी त्यांचे स्वतःचे अन्न तेच होते.

पुरणपोळी, घटावर बांधावयाच्या फुलोऱ्यातील कडाकण्या, माहूरच्या श्रीरेणुकामातेस अर्पण होणारा कुटलेला तांबूल हे त्या त्या प्रदेशाचे व कुळाचे आचार होत. ज्यांस शक्य आहे त्यांनी ते अवश्य चालवावेत. ज्यांस शक्य नाही त्यांनी दूध-साखर वा गूळ-खोबरे निःशंकपणे ठेवावे. आमच्या मते त्यात कोणतीही न्यूनता नाही.

अर्पण करताना देवीपुढे पाण्याने चौकोनी मंडल करून त्यावर पात्र ठेवावे, भोवती पाणी फिरवावे आणि प्राण, अपान, व्यान, उदान, समान व ब्रह्म अशा सहा आहुतींचा उच्चार करावा. मध्ये पिण्याचे पाणी, शेवटी हात व मुख धुण्यासाठी पाणी, करोद्वर्तनास चंदन आणि नंतर विडा द्यावा. नैवेद्य देवापुढे दिवसभर उघडा ठेवू नये. थोड्या वेळाने उचलून त्याच दिवशी वाटावा.